नळाची ओटी

मंगळवारी सकाळी दारात एक आशाताई आल्या. खांद्याला पिशवी, हातात वही. घाईघाईत म्हणाल्या, "आजी, ओटी घ्यायची होती."

आईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. नवरात्र नाही, चैत्रातलं हळदीकुंकू नाही. पण सकाळी सकाळी दारी आलेली सवाष्ण ओटी मागते म्हटल्यावर आमच्याकडे उलटा प्रश्न विचारायची पद्धत नाही. ती आत गेली आणि ताटात खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी असं सगळं घेऊन बाहेर आली. ताई दोन पावलं मागे सरकल्या.

"अहो आजी, माझी नव्हे. नळाची."

ताईंची ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. हे नाव सकाळी उपाशीपोटी उच्चारता येत नाही म्हणून आरोग्य खात्याने त्याची ओटी केली आहे. नळाचं पाणी बोटभर काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि उजेडात धरायचं. पाण्यात क्लोरीन असेल तर नळी पिवळी होते. थोडं असेल तर फिकट, जास्त असेल तर हळदीच्या दुधासारखी गडद. भारतीय मानक १०५०० नावाचं एक बाड आहे. त्यात लिहिलंय की नळातून पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. 'शिल्लक' हा शब्द महत्त्वाचा आहे. टाकीत टाकलेलं नव्हे, वाटेतल्या सगळ्या घाणीशी मारामारी करून तुमच्या बादलीपर्यंत जिवंत पोहोचलेलं.

आमची नळी पांढरीस्वच्छ राहिली. ताईंनी ती हलवली, पुन्हा उजेडात धरली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "निगेटिव्ह."

"सुटलो बाई," म्हणून आईने देव्हाऱ्याकडे हात जोडले.

तिचं काही चुकलं नाही. निगेटिव्ह म्हणजे पेढे आणि पॉझिटिव्ह म्हणजे गल्लीला पत्रे, हे आपण कोविडमध्ये शिकलो आणि पक्कं शिकलो. नळाचं गणित नेमकं उलटं आहे. इथे पॉझिटिव्ह आलं तर पेढे वाटावेत आणि निगेटिव्ह आलं तर पातेलं गॅसवर चढवावं. समोरच्या वहिनींना यातलं काही ऐकायचं नव्हतं. ताई नळीतलं पाणी मोरीत ओतत होत्या, तेव्हा त्या कळवळून म्हणाल्या, "अहो, टाकताय कशाला? हंड्यात ओता की. दिवसाआड येतं हो पाणी." ऑर्थोटोलिडीन स्वतःच विषारी असतं हे त्यांना समजावण्यात पाच मिनिटं गेली. तेवढ्यात नळ गेला.

ओटी निगेटिव्ह का, हे विचारायला मी चौकातल्या व्हॉल्व्हमनमामांकडे गेलो. ते रस्त्यातल्या खड्ड्यात ती लांब चावी घालून आमच्या गल्लीचं पाणी बंद करून पुढच्या गल्लीचं सोडत होते.

"मामा, क्लोरीन टाकत नाहीत का हल्ली?"

"टाकतात की. पण टाकलं की फोन येतात."

"कोणाचे?"

"तुमचेच."

माझा नव्हे, पण 'तुमचे' मध्ये मी होतोच. मामांनी चावीला टेकून सगळा हिशेब मांडला. केंद्रावर क्लोरीन नीट पडलं की सकाळी गावभर नळाला वास येतो. मग सुरू. पाण्याला दवाखान्याचा वास येतोय, चहा बिघडला, पाहुण्यांनी पेला तोंडाला लावून खाली ठेवला. लोक नगरसेवकाला फोन लावतात, नगरसेवक सभापतींना, सभापती इंजिनियरला, इंजिनियर केंद्रावरच्या माणसाला. त्या माणसाला पुढे फोन करायला कोणी उरलेलं नसतं, म्हणून तो चावी फिरवतो. दुसऱ्या दिवशी वास गायब, चहा फक्कड, नगरसेवक लोकप्रिय. आमच्या नगरपरिषदेत याहून वेगाने दुसऱ्या कुठल्याही तक्रारीचं निवारण झालेलं मी पाहिलेलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्या सगळ्या पाण्यात एकटा क्लोरीन तुमच्या बाजूने लढत होता, त्यालाच तुम्ही पकडून दिलंत. आणि ज्या दिवशी वास नव्हता, त्या दिवशी एकाही माणसाने फोन केला नाही, असं मामा म्हणाले. "फोन कशाला करतील? त्या दिवशी म्हणतात, आज पाणी किती गोड आलंय."

पाणी ओळखण्यात मराठी माणसाचा हात कोणी धरणार नाही. आमच्या विहिरीचं गोड, तुमच्या बोअरचं मचूळ, मामाच्या गावचं हलकं, सासुरवाडीचं जड. तूरडाळ किती वेळात शिजते, साबणाला फेस किती येतो आणि चहाला रंग कसा येतो, या तीन परीक्षा पास झाल्या की पाणी पहिल्या वर्गात. या तिन्ही परीक्षा क्षारांच्या आहेत. तिन्हीत उत्तम गुण मिळवलेल्या पाण्यात काविळीचा विषाणू सुखाने पोहत असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डाळ शिजायला त्याची अजिबात आडकाठी नाही. त्याच बाडात असंही लिहिलंय की १०० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे जेमतेम अर्ध्या पेल्यात, ई. कोलाय हा जिवाणू एकसुद्धा सापडता कामा नये. 'थोडेसे चालतील' असं लिहिलेलं नाही. पण गढूळ पाण्यासाठी मोर्चा निघतो. नितळ पाण्यासाठी मोर्चा निघाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय?

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि त्यात माणसं गेली. यंत्रमागाचं शहर, पंचगंगेच्या काठचं. वरच्या अंगाला कोल्हापूर आणि कोल्हापूरचं सांडपाणी. आता ते शहर महानगरपालिका झालंय, आणि पाण्यासाठी दूधगंगेकडे म्हणजे सुळकूड योजनेकडे डोळे लावून बसलंय. कागलकर म्हणतात, आमची नदी आहे, नाही देत. भांडण नदीचं आहे की नदीत काय सोडलं जातं त्याचं, हा प्रश्न विचारणाऱ्याला दोन्हीकडचे लोक गप्प बसवतील.

पाण्यातून येणाऱ्या काविळीचा एक गुण मात्र मानला पाहिजे. ती सावकाश येते. ई प्रकारचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोनपासून दहा आठवडेसुद्धा जातात. म्हणजे तुम्ही दवाखान्यात पोहोचता तेव्हा ज्या पाण्याने घात केला, ते कृष्णेतून वाहत बंगालच्या उपसागराला मिळालेलं असतं. आरोपी फरार. नगरपरिषद आजचा नमुना तपासते, तो चांगला निघतो, आणि पत्रक निघतं की नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. सकाळच्या ओटीत नळी पिवळी झाली नाही, तर काही आठवड्यांनी डोळे पिवळे होण्याची तयारी ठेवावी. पिवळा रंग कुठे बघायचा, एवढंच काय ते गावाच्या हातात असतं.

हे फक्त लहान गावांचं दुखणं आहे असं पुणेकरांनी समजू नये. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले, हातापायातली ताकद जाणारी माणसं एकामागून एक दवाखान्यात आली, आणि आठवडाभरात कॅम्पिलोबॅक्टर हा शब्द भाजीवालीच्या तोंडी बसला. चौकशी निघाली ती नांदेड गावाच्या विहिरीपर्यंत, टँकरपर्यंत आणि जारवाल्यांच्या खासगी आरओ केंद्रांपर्यंत. काही केंद्रांना टाळं लागलं. तोवर ते पाणी सगळ्यांनी 'फिल्टरचं' म्हणून विकत घेतलेलं होतं.

आता आमच्या गल्लीकडे या. मुख्य पाइप रस्त्याच्या पलीकडून, घरं अलीकडे, मधे गटार. त्यामुळे प्रत्येक घराची नळजोडणी गटारातून पोहत येते. आमच्या शेजारच्या जोडणीचा पाइप गंजून त्याला भोक पडलंय. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे, पट्टीवर सुतळी आहे आणि सुतळीवर शेवाळ. नळ आला की त्या सुतळीतून एक बारीक कारंजं उडतं आणि गल्लीतली पोरं त्याखाली हात धरतात. म्हणजे पाणी असताना पाइपातून पाणी गटारात जातं. तिथवर ठीक आहे. पण आमचं पाणी दिवसाआड पाऊण तास. ४८ तासांतला पाऊण तास पाइपात पाणी असतं. उरलेले सव्वासत्तेचाळीस तास पाइप रिकामा, आणि भोक तेच, गटारही तेच. त्यात नळ जाताना शेवटच्या धारेसाठी प्रत्येक घरातला टुल्लू पंप घरघरत असतो. पंपाला पाणी ओढायचं एवढंच कळतं. पाणी संपलं की तो जे मिळेल ते ओढतो, पट्टीच्या आतून, सुतळीच्या आतून.

गावाला हे माहीत नाही असं नाही. म्हणून तर नळ आल्यावर पहिली बादली कोणी पीत नाही. ती तुळशीला घालतात. तुळस औषधी आहे, सोसते बिचारी.

यावर उपाय नाही असंही नाही. कराडला चिकटून मलकापूर आहे. तिथल्या नगरपंचायतीने चोवीस तास पाण्याची योजना केली, नळांना मीटर बसवले, वापर वाढेल तसा चढता दर लावला. पाइप सतत दाबाने भरलेला असला की गटाराला आत शिरायला वावच राहत नाही, आणि घरात पिंप भरून ठेवायची गरज संपते. आमच्याकडूनही चोवीस तास पाण्याचा अभ्यास करायला एक दौरा गेला होता. अभ्यास चांगला चालला होता म्हणतात. मग कोणीतरी 'मीटर' हा शब्द उच्चारला आणि मंडळी जेवायला गेली.

नळावर विश्वास नाही म्हटल्यावर विश्वास विकायला माणसं येणारच. मागच्या महिन्यात एक टाय लावलेला मुलगा आमच्याकडे यंत्र विकायला आला. त्याने टेबलावर दोन पेले मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हीत सळ्या बुडवल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात आमचा पेला आधी हिरवट, मग तपकिरी झाला आणि वर काळपट साका तरंगायला लागला. त्याचा पेला जसाच्या तसा. "काकू, हे तुम्ही पिताय," तो हळू आवाजात म्हणाला, जणू अहवाल वाईट आलाय. आईने तोंडाला पदर लावला.

मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या शुद्ध पाण्यात टाकलं आणि म्हटलं, "आता दाबा बटण." त्याने दाबलं. त्याचाही पेला तपकिरी झाला, वर साकाही आला.

"सर, असं करायचं नसतं," तो म्हणाला.

तो साका पाण्यातल्या घाणीचा नसतो, त्याच्या सळीचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं, गंज तरंगतो. क्षार काढून टाकले की वीज वाहत नाही आणि पेला स्वच्छ राहतो. मग त्याने खिशातून टीडीएसचं पेन काढलं. आमच्या नळाचा आकडा आला १८०. मानकात ५०० पर्यंत उत्तम मानतात. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंतसुद्धा चालवून घ्यायची मुभा आहे. ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओ नकोच, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगून टाकलं होतं. ते पेन क्षार मोजतं, जिवाणू मोजत नाही. हंडाभर पाण्यात गटाराचा एक चमचा मिसळा, पेनाचा आकडा फारसा हलणार नाही. एवढं सगळं त्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकून शेजारच्या वहिनींकडे गेला आणि तिथे यंत्र विकून आला. आता त्यांच्याकडे शुद्ध पाण्याच्या दुप्पट पाणी एका नळीतून मोरीत वाहतं. आणि जे शुद्ध होतं, त्यातला उरलासुरला क्लोरीनही यंत्रातला कोळसा खाऊन टाकतो. टाकीत पडून राहिलेल्या त्या पाण्याला मग राखणदार कोणी नाही.

ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांना जार आहे. निळा, वीस लिटरचा, थंड. लग्नात जार, दुकानात जार, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातसुद्धा जार. मी स्वतः तिथे नळाची तक्रार लिहून देताना त्यातलंच पाणी प्यायलो. जारला सील नाही, तारीख नाही, कुठला शिक्का नाही. थंड आहे हेच प्रमाणपत्र. पाणी कुठलं विचारलं तर जारवाला म्हणतो, "फिल्टरचं." जणू फिल्टर नावाची एखादी नदी सह्याद्रीत उगम पावते.

कधी कधी सगळं खापर पाण्यावर फुटतं आणि पाणी निर्दोष सुटतं, हेही सांगितलं पाहिजे. २०२५ च्याच जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगावकडच्या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळायला लागले. पहिला संशय अर्थात पाण्यावर. तो खारपाण पट्टा, तिथल्या पाण्याने आधीच पुष्कळ भोगलंय. पाणी तपासलं तर क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर बोट ठेवलं आणि केसांची बातमी गव्हाच्या मागे गेली. नायट्रेटची बातमी तिथेच हंड्यात राहिली. नायट्रेटने टक्कल पडत नाही ना? मग बातमी कसली.

आमचं गाव ग्रामपंचायत होतं तेव्हा निदान कार्ड तरी मिळायचं. वर्षातून दोनदा आरोग्य खात्याची माणसं यायची, विहीर, टाकी, गळती, टीसीएलचा साठा बघायची आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड द्यायची. लाल कार्ड मिळालं की सरपंच आठवडाभर तोंड लपवायचा. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी असताना तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडून जातो आणि मागे चुन्याची भुकटी उरते. उडून गेलेल्याचं वजन फारसं नसतं, त्यामुळे पोतं भरलेलं दिसतं, नोंद बरोबर लागते, बिल निघतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण टीसीएलच्या गोदामात जाऊन कोणीतरी रंगवून यावं. तर कार्डाचं सांगत होतो. आम्ही प्रगती केली, नगरपरिषद झालो, मुख्याधिकारी आले, चौकात आय लव्ह लिहिलेली अक्षरं बसली. कार्ड मात्र गेलं, ते ग्रामपंचायतींसाठी असतं. आता लाल व्हायची सोयच राहिली नाही.

या मंगळवारी आशाताई पुन्हा आल्या. आईने या वेळी ताट तयारच ठेवलं होतं. "नळाची घे आणि तुझीपण भरते," म्हणाली. नळी धरली, थेंब टाकले. हळूहळू पाणी फिकट पिवळं झालं. पट्टीशी जुळवून ताई म्हणाल्या, "आजी, पॉझिटिव्ह!" आईने खरोखर त्यांची ओटी भरली, आणि नारळावरून हळदीकुंकवाचं बोट नळाच्या तोटीलाही लावलं.

तोवर समोरच्या वहिनी फोन कानाला लावून गॅलरीत आल्या होत्या. "भाऊ, आज पाण्याला कसला वास येतोय हो?"

तुमच्याकडे वास आला तर कृपा करून भाऊंना झोपू द्या. उघड्या पातेल्यात पाणी थोडा वेळ ठेवा, वास जातो, चहा करा. वास आला नाही, त्या दिवशी मात्र फोन करा. आमच्याकडे नंबर पाणीपट्टीच्या पावतीच्या मागच्या बाजूला छापलेला आहे.